समुद्रनाणे: प्राप्ती, शुद्धी आणि विसर्जन

समुद्रनाणे म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत मेटल डिटेक्टरने सापडलेली, नाणे असण्याची शक्यता असलेली, साधारण गोल आणि निश्चितपणे घाणेरडी वस्तू. तिच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत तिच्यावर वाळू, शिंपल्यांचा चुरा, मीठ आणि गंज यांचे इतके जाड कवच असते की नाणे कोणते आणि नानकटाई कोणती हे सांगता येत नाही. या अवस्थेत ते नाणे स्पॅनिश असते. दुसऱ्या अवस्थेत ते व्हिनेगरमध्ये असते. तिसऱ्या अवस्थेत ते एक सेंटचे असते.

उदाहरणे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावरची घेतली आहेत, कारण अभ्यासासाठी उपलब्ध झालेले गृहस्थ त्या राज्यात राहतात. गृहस्थ एडिसन गावचे, मूळचे ठाण्याचे, निवृत्त इंजिनिअर. त्यांचा आणि प्रस्तुत लेखकाचा पत्ता, चष्म्याचा नंबर आणि पत्नी एकच आहे, हा योगायोग समजावा.

प्राप्तीसाठी लागणाऱ्या यंत्राचा इतिहास अपयशाने सुरू होतो आणि ती परंपरा अखंड आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली आणि ती नेमकी कुठे आहे, हे डॉक्टरांना कळेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू हुडकणारे यंत्र घेऊन आले. यंत्र भलत्याच जागी वाजू लागले, कारण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजवीकडे आहे अशी खात्री असल्याने त्यांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले. यंत्रात दोष नसतो, दोष भोवतालच्या जगात असतो, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. आजही किनाऱ्यावरून रिकाम्या हातांनी परतणारा प्रत्येक जण त्याचाच आधार घेतो.

यंत्राला धातू कळतो, किंमत कळत नाही. वस्तू किती वीजवाहक आहे आणि तिचा आकार केवढा, यावरून ते पडद्यावर एक आकडा दाखवते. सोन्याची अंगठी, पाच सेंटचे नाणे आणि पेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी या तिघांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. ही कडी म्हणजे ओहायो राज्यातल्या अर्मल फ्रेझ यांची मानवजातीला देणगी. १९५९ साली ते सहलीला गेले. डबे फोडायचे हत्यार घरी राहिले, गाडीच्या बंपरवर डबा फोडावा लागला आणि त्या वैतागातून त्यांनी झाकणालाच कडी बसवली. १९६३ साली पेटंट मिळाले. डबा उघडला की कडी हातात येई आणि हातातून वाळूत जाई. १९७५ पासून डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली, पण वाळूची स्मरणशक्ती चांगली असते. गृहस्थांनी पहिल्या मोसमात अशा दोनशे अकरा कड्या उकरून काढल्या. ‘सोनं असंच वाजतं,’ असे ते दोनशे अकरा वेळा म्हणाले.

ओल्या वाळूत निराळी अडचण येते. खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने साधे यंत्र तेथे समुद्रालाच वाजत राहते. अशा वेळी गृहस्थ हातभर खड्डा खणतात आणि त्यांना समुद्र सापडतो.

जागेच्या निवडीलाही शास्त्र आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या अनेक गावांत किनाऱ्यावर पाय ठेवण्यासाठी पैसे भरून बिल्ला घ्यावा लागतो. म्हणजे वाळूत पडलेली चिल्लर शोधण्यापूर्वी खिशातली नोट काढावी लागते. सँडी हूकचा किनारा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहे आणि तेथे यंत्र नेण्याचीही बंदी आहे. त्यामुळे सगळे सोने सँडी हूकलाच आहे, याबद्दल शोधकांमध्ये एकमत आहे.

किनाऱ्यावर होणारा संवाद ठरलेला असतो. सकाळी धावायला आलेला माणूस न थांबता विचारतो, “सोनं सापडलं का?”

“अजून नाही,” असे उत्तर द्यायचे असते.

या छंदाचे सारे तत्त्वज्ञान ‘अजून’ या शब्दात सामावलेले आहे. त्याला थोडा ऐतिहासिक आधारही आहे. हवानाहून सोने-चांदी घेऊन निघालेल्या स्पॅनिश ताफ्यातली अकरा जहाजे ३१ जुलै १७१५ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत वादळात बुडाली. पुढे विसाव्या शतकात किप वॅगनर नावाच्या घरे बांधणाऱ्या गृहस्थांना तिथल्या वाळूत जुनी चांदीची नाणी मिळू लागली. एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे साल नव्हते. त्यावरून त्यांनी ताफ्याचा माग काढला. वॅगनर यांचे पहिले यंत्र लष्कराच्या मोडीतले होते, ही गोष्ट न्यू जर्सीतले गृहस्थ नेहमी सांगतात. फ्लोरिडा तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे, ही गोष्ट पत्नी सांगते.

नाणे घरी आले की पहिला प्रश्न कवचाचा. समुद्राच्या पाण्यातला चुना, वाळू आणि जवळपास पडलेल्या एखाद्या खिळ्याचा गंज यांचा मिळून अस्सल सिमेंटसारखा गिलावा तयार होतो. त्याच्या आत धातू कोणता आहे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

सोन्याला समुद्रात काहीही होत नाही. ते जसे पडले तसे निघते. म्हणून सोने साफ करण्याच्या कृतीला या लेखात जागा दिलेली नाही. शिवाय तसा प्रसंगही आला नाही. चांदी काळी पडते, कारण तिच्यावर गंधकाचा थर चढतो. अमेरिकेची दहा आणि पंचवीस सेंटची नाणी १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीची असत. १९६५ पासून ती आत तांबे आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलचा पत्रा अशी सँडविचासारखी झाली. पाच सेंटच्या नाण्याला लोक ‘निकेल’ म्हणतात, पण त्यात निकेल २५ टक्के आणि तांबे ७५ टक्के. एरवी पांढरेशुभ्र दिसणारे हे नाणे चार पावसाळे समुद्रात काढले की विटकरी होते आणि त्याचे खरे कुळ उघडे पडते.

सर्वांत केविलवाणी दशा सेंटची. १९८२ सालापर्यंत सेंटमध्ये ९५ टक्के तांबे होते आणि वजन ३.११ ग्रॅम होते. त्या वर्षी टांकसाळीने आतले तांबे काढून जस्त भरले. आता ९७.५ टक्के जस्त, वर तांब्याचा नुसता मुलामा आणि वजन अडीच ग्रॅम. मुलामा कुठे खरचटला की खाऱ्या पाण्यात तांबे आणि जस्त यांची छोटीशी बॅटरी तयार होते आणि तीत जस्ताचा बळी जातो. सेंटवरच्या लिंकनसाहेबांची आधी दाढी जाते, मग जबडा जातो, शेवटी उंदराने कुरतडलेल्या मारी बिस्किटासारखा एक तुकडा उरतो. कायद्याने तो चलन आहे. दुकानदाराचे मत वेगळे पडते.

नाणी वेगळी करण्यासाठी लोहचुंबक वापरावे, असे कुणीतरी सुचवतेच. नाशिकला गोदावरीच्या पात्रात पोरे दोरीला चुंबक बांधून टाकतात आणि रुपया-दोन रुपये ओढून काढतात. त्यांना यंत्र लागत नाही, बॅटरी लागत नाही, बिल्ला लागत नाही. हे जमते, कारण आपली अलीकडची बरीच नाणी चुंबकाला धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. अमेरिकेच्या चलनात मात्र महायुद्धाच्या काळातला १९४३ चा पोलादी सेंट सोडला तर चुंबकाला भाव देणारे नाणे नाही. गृहस्थांनी हौसेने मोठे चुंबक आणले. त्याला बाटल्यांची बुचे, केसांच्या पिना, तंबूचा एक खिळा आणि परतताना गाडीचे दार चिकटले.

शुद्धीची पहिली पायरी म्हणजे साधे पाणी. नाणी काही दिवस भिजत घालावीत आणि मीठ निघून जावे म्हणून पाणी रोज बदलावे. ही पायरी सोपी, स्वस्त आणि निरुपद्रवी असल्याने फारशी कुणी पाळत नाही. गृहस्थांनी ती पाळली, पण भांड्याच्या निवडीत चूक झाली.

“अहो, दह्याचं भांडं दिसत नाही कुठे?”

“वापरात आहे.”

“कशाच्या?”

या प्रश्नाला रसायनशास्त्रात उत्तर नाही.

दुसरी पायरी आम्लाची. घरगुती व्हिनेगरमध्ये साधारण पाच टक्के ॲसेटिक आम्ल असते. ते चुन्याचे कवच फसफसवून विरघळवते, चिमूटभर मीठ टाकले तर तांब्यावरची काजळीही काढते. पण आम्लाला थांबायचे कुठे हे कळत नाही. ते माणसाने सांगावे लागते आणि माणूस तेव्हा दुकानात नवे व्हिनेगर आणायला गेलेला असतो. गृहस्थांनी अकरा जस्ती सेंट बरणीत घालून बरणी तळघरात ठेवली आणि विसरले. दहा दिवसांनी बरणीत सहा सेंट, काही पापुद्रे आणि राखाडी रंगाचे लोणचे निघाले. उरलेले पाच सेंट अतिशय स्वच्छ झाले असावेत. इतके की ते दिसेनासे झाले.

कोलाही वापरतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असते, पण थोडे. साखर मात्र भरपूर असते. कोलाने नाण्यांवर फारसा परिणाम होत नाही, मुंग्यांवर होतो.

आम्लानंतर दातांचा जुना ब्रश. ‘जुना’ या शब्दाबद्दल त्या घरात दोन मते आहेत. पाहुणे म्हणून आलेल्या मेहुण्यांनी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे मांडले.

हाताने घासून खांदा धरला की शोधक ड्रमकडे वळतो. खडे गुळगुळीत करण्यासाठी मिळणाऱ्या या रबरी डब्यात नाणी, माशांच्या टाकीतली बारीक खडी, पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून तो विजेवर तासन्‌तास फिरवत ठेवतात. तत्त्व उत्तम आहे, घासायचे काम खडी करते. नियम दोनच. पहिला: तांब्याची आणि पांढरी नाणी एकत्र घालू नयेत. तांबे पाण्यात उतरते आणि पांढऱ्या नाण्यांवर बसते. गृहस्थांनी एकत्र घातली. दुसऱ्या दिवशी पंचवीस सेंटची चाळीस नाणी लग्नातल्या फेट्याच्या रंगाची निघाली. दुसरा नियम: जस्ती सेंट आणि व्हिनेगर झाकणबंद डब्यात फिरवू नयेत. जस्त आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, डब्यात दाब वाढतो आणि झाकण आपला मार्ग शोधते. रात्री सव्वाअकराला गॅरेजमधून आवाज आला. शेजारचे गुजराती गृहस्थ गाऊनमध्येच बाहेर आले.

“काय भाऊ, दिवाळी?”

“नाही, नाणी धुतोय.”

त्यावर शेजाऱ्यांनी काही क्षण आदराने मौन पाळले. एवढी नाणी म्हणजे माणूस मोठा असणार, असा त्यांचा समज झाला. तो दूर करण्याची घाई कुणी केली नाही.

यानंतर इंजिनिअर मनुष्य विद्युत अपघटनाकडे वळतो, कारण आता प्रश्न नाण्याचा राहिलेला नसतो, पदवीचा असतो. मोबाइलचा जुना चार्जर, दोन चिमटे, पाण्यात धुण्याचा सोडा एवढ्यावर काम होते. नाणे ऋण टोकाला आणि टाकाऊ धातूचा तुकडा धन टोकाला लावायचा. नाण्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि कवच आतून सुटे होते. सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन सुटतो आणि घराला सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा वास येतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा धन टोकाला लावला तर त्यातल्या क्रोमियमची घातक संयुगे पाण्यात उतरू शकतात, म्हणून जाणकार ते टाळायला सांगतात. जाणकारांचे ऐकण्यासाठी आधी त्यांना विचारावे लागते.

गृहस्थांनी चमचा लावला. शिवाय तारा उलट लावल्या. ऋण टोकाला चमचा, धन टोकाला १९६१ सालचा अस्सल तांब्याचा सेंट. तासाभराने पाणी निळसर झाले, सेंट झिजू लागला आणि चमच्यावर तांबूस झळाळी चढू लागली. शास्त्राच्या दृष्टीने प्रयोग शंभर टक्के यशस्वी होता. विजेने मुलामा देण्याची हीच पद्धत आहे. फक्त तो चमचा लग्नात आलेल्या चोवीस नगांच्या सेटमधला होता.

“अहो, हा चमचा तांब्याचा कसा झाला?”

“अगं, किंमत वाढली त्याची.”

सेट आता तेवीस नगांचा मानला जातो.

चांदीची गोष्ट वेगळी. चांदीचे नाणे ॲल्युमिनियमच्या चांदीवर, म्हणजे डब्यात पोळ्या गुंडाळतात त्या कागदावर ठेवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला की चांदीवरचे गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि काळेपणा मिनिटांत उतरतो. थोडे गंधक वायुरूपानेही निसटते आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो. तीन पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात हा वास आला तेव्हा प्रथम संशय मुलावर गेला. मुलगा कॉलेजात, टेक्ससला होता.

ते नाणे म्हणजे त्या मोसमातला एकमेव विजय होता: १९४४ सालचे दहा सेंट, पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता, ९० टक्के चांदी. सोड्यानंतर गृहस्थांनी ते टूथपेस्टने घासले, मग लिंबाने, मग बाहीने. देवता लखलखू लागली. तिचे नाक तेवढे पुसट झाले. दुसऱ्या दिवशी ते नाणे मखमली डबीतून नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे नेण्यात आले. व्यापाऱ्याने भिंग लावले.

“साफ केलंत?”

“केलं तर! तीन तास लागले.”

“तरीच.”

येथे संग्राहकांचा नियम सांगणे भाग आहे. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. घासलेल्या नाण्याला या पट्टीवर सरळ गुण मिळत नाहीत. प्रमाणपत्रावर ‘साफ केलेले’ असा शेरा पडतो आणि शाळेच्या दाखल्यावरच्या शेऱ्यासारखा तो जन्मभर साथ देतो. संग्राहकाला काळाने चढवलेली काजळी प्यारी असते. गृहस्थांना नाण्यातल्या सव्वादोन ग्रॅम चांदीचा भाव सांगण्यात आला. डबी त्याहून महाग होती.

यावरून या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत निघतो. जे नाणे साफ करण्याइतके मोलाचे असते ते साफ करायचे नसते. जे साफ करायला हरकत नसते ते साफ करण्याइतके मोलाचे नसते. दोन्ही वाक्ये समजलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा व्हिनेगर आणतो, कारण कवचाखाली काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नसते.

साफ झालेले नाणे साफ राहत नाही, हा पुढचा भाग. तांब्याच्या अंगात क्लोराइड मुरलेले असले तर दमट हवेत काही आठवड्यांनी त्यावर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके उमटतात. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळत राहिला की ही झीज आपली आपणच चालू राहते. संग्रहालयातले तज्ज्ञ याला कांस्यरोग म्हणतात आणि वस्तू कोरडी ठेवतात. ‘रोग’ हा शब्द कळल्यापासून गृहस्थांनी दोन सेंट विलगीकरणात ठेवले. त्यांच्याभोवती बुटांच्या खोक्यांतून सात वर्षे जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या रचल्या. या पुड्या कधीतरी उपयोगी पडतील असे ते सात वर्षे म्हणत होते. घरात त्या दिवशी त्यांचा आवाज वाढलेला होता.

याच सुमारास गृहस्थांच्या मातोश्री सहा महिन्यांच्या व्हिसावर ठाण्याहून आल्या. जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग आली म्हणून त्या तळघरात उतरल्या. तेथे चिरंजीव हातमोजे घालून बुडबुडे मोजत होते.

“काय करतोयस रे एवढ्या पहाटे?”

“आई, हे तांब्याचे जुने सेंट. विद्युत अपघटन चालू आहे.”

“तांब्याचे ना? मग चिंच लाव की.”

“आई, हे शास्त्रीय काम आहे.”

मातोश्रींनी वाद घातला नाही. वर जाऊन चिंचेचे एक बुटुक पाण्यात कालवून आणले, चिमूटभर मीठ घेतले आणि आदल्या रात्रीपासून न उजळलेला १९६४ चा सेंट अंगठ्याने घासला. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते आणि मीठ त्या कामाला हातभार लावते, असे स्पष्टीकरण चिरंजीवांनी नंतर दिले. तोवर सेंट उजळला होता. साठ वर्षे दर सणाला पळी, पंचपात्री आणि ताम्हन घासलेल्या हातांनी नाश्त्यापर्यंत तांब्याचे सतरा सेंट संपवले आणि जाता जाता स्वयंपाकघराचा नळही चकचकीत केला. त्यांनी नाणी पाण्याने धुऊन, पदराने कोरडी करून ताटलीत मांडली.

“केवढ्याचं रे हे एक?”

“एक सेंट.”

“म्हणजे आपले?”

“रुपयाला थोडे कमीच.”

मातोश्रींनी ताटलीतली नाणी मनातल्या मनात मोजली. मग तळघराच्या भिंतीला टेकलेल्या यंत्राकडे पाहिले.

“आणि ते केवढ्याला पडलं?”

गृहस्थांना त्याच वेळी चार्जर बंद करायचे आठवले.

मोसमाच्या शेवटी हिशेब मांडण्याची पद्धत आहे. जमेच्या बाजूला नाणी, एकूण चौदा डॉलर बासष्ट सेंट. ही रक्कम सुपरमार्केटातल्या नाणी मोजणाऱ्या यंत्रात ओतण्यात आली. यंत्राने कुरतडलेली आणि काही फेटारंगी नाणी खडखडून परत फेकली, स्वीकारलेल्यांवर आपली कपात लावली आणि नऊ डॉलर चार सेंटची चिठ्ठी दिली. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी गृहस्थांच्या हिरव्या बोटांकडे पाहून आपले मूल जवळ ओढले. खर्चाच्या बाजूला यंत्र, बॅटऱ्या, चाळणीचे फावडे, किनाऱ्याचे बिल्ले, पार्किंग, ड्रम, ड्रमचे दुसरे झाकण, व्हिनेगर, दह्याचे नवे भांडे आणि मेहुण्यांचा ब्रश. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी टांकसाळीला एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. हा आतबट्ट्याचा व्यवहार सरकारलाही सोसवेना आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी सेंट पाडणे बंद झाले. गृहस्थांना एक सेंट साफ करायला किती खर्च आला, तो आकडा टांकसाळीला उगीच समाधान वाटू नये म्हणून येथे दिलेला नाही.

हाच उद्योग अलिबागच्या किनाऱ्यावर करता आला असता का, असा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावे लागते. दहा रुपयांची ही मर्यादा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. कायदा अगदी शब्दशः धरला तर गृहस्थांना दर रविवारी कलेक्टर कचेरीत जावे लागले असते. कलेक्टरसाहेबांनी मग काय केले असते, याचा अंदाज त्या कचेरीत एकदा तरी गेलेल्या वाचकाला येईल.

शेवटचा भाग विसर्जनाचा. परतीच्या विमानाला दोन दिवस असताना मातोश्रींना समुद्र दाखवायला नेण्यात आले. अटलांटिक पाहून त्यांनी हात जोडले, पर्स उघडली आणि कागदाच्या पुडीतून चिंचेने घासलेले दोन तांब्याचे सेंट काढले. गोदावरीच्या किंवा कृष्णेच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून नाणे टाकायची रीत आहे. पाण्याला तांबे चांगले, असे जुनी माणसे सांगतात. चिरंजीव पुढे धावले तोवर दोन्ही सेंट उन्हात चमकून पाण्यात गेले होते.

“अगं आई! एकोणीसशे चौसष्टचा होता तो!”

“अरे, एवढा मोठा समुद्र. रिकाम्या हातांनी काय भेटायचं?”

नाणे पाण्यात पडताच त्यावर मीठ, वाळू आणि चुना यांचे कवच धरण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. ती पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. गृहस्थ तेवढे थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांच्या वहीत त्या संध्याकाळची नोंद अशी आहे: स्थळ, जीवरक्षकाच्या खुर्चीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेपासून अंदाजे पंधरा फूट. पुढची ओहोटी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. चिंच गाडीत ठेवणे.